राजीखुशीनं

आबा गेले, तेरावं झालं, आणि त्यानंतर महिन्याभरात आमच्या आप्पांना शोध लागला की आपल्याला तीन बहिणी आहेत. तसं त्यांना ते आधीही माहीत असावं, कारण तिघींची लग्नं त्यांच्या डोळ्यांदेखत झाली होती आणि तिघींना सासरी पाठवताना ते उपरण्यानं डोळे पुसत उभे होते म्हणे. पण आठवण राहिली नव्हती. ती करून दिली कवठ्याच्या तलाठ्यानं. आप्पा वारसाची नोंद करायला गेले, तर तो म्हणाला, "आप्पा, आबांच्या जागी तुमचं नाव लावतो, आन् त्याच्याखाली तिघी बहिणींची."

आप्पा घरी येऊन ओसरीवर बसले आणि दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला एकच प्रश्न विचारत राहिले, "बहिनींचा काय संबंध?" संबंध काय, हे गावात कुणालाच सांगता येईना. एका आबाच्या चार लेकरांमधला संबंध इतका अवघड असेल असं मला वाटलं नव्हतं, पण मी तेव्हा नुकतीच दहावीच्या परीक्षेतून उठलेली पोरगी, मला काय कळणार. शेवटी जाणत्या लोकांनी आप्पांना धीर दिला. सरकारनं कायदा केला असला तरी देवानं हक्कसोडपत्रही केलं आहे. बहिणींनी शिरूरला जाऊन लिहून द्यायचं, की बापाच्या जमिनीत आमचा जो काही हक्क असेल तो आम्ही भावासाठी सोडला, आम्हाला काही नको. मग नावं निघतात. सगळ्या घरी असंच करतात. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नसतं. म्हणजे भावाला.

पत्रं मी लिहिली. घरात माझं अक्षर चांगलं होतं आणि मुलीला दहावीपर्यंत शिकवल्याचा काही उपयोग व्हावा असं आप्पांना वाटत होतं. ते सांगत होते, मी लिहीत होते: आबांच्या माघारी तुमची लई आठवण येते, आबांशिवाय घर खायला उठतं, चार दिवस माहेरपणाला यावं. जन्मात पहिल्यांदा आप्पांनी बहिणींना पत्रं धाडली. त्याआधी त्यांची खबरबात बाजाराला आलेल्या माणसांकडून कळायची, आणि कळली नाही तरी कुणाची झोप उडत नव्हती.

थोरली सोनाआत्या दौंडला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. नवरा रेल्वेत असल्यामुळे ती सगळी वाक्यं शेवटचीच बोलायची, त्यावर पुढं कुणी बोलायचं नाही. मधली बबूआत्या यवतची. हायवेला त्यांचं भज्याचं हॉटेल होतं, ती कधीही आली तरी तिच्या लुगड्याला तळणाचा वास यायचा आणि आम्हा पोरांना तो फार आवडायचा. धाकटी ताराआत्या केडगावला. तिला मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी केली. दुसरीलाही झालं नाही, पण त्यावरून काही निष्कर्ष काढायची पद्धत आमच्याकडे नव्हती. सवत घरात आली तेव्हा ताराआत्या एक बोचकं घेऊन आमच्याकडे आली होती. आप्पांनी तिला चार दिवस ठेवून घेतलं, पाचव्या दिवशी स्वतः एसटीत बसवून दिलं. "नांदायला दिलीया, नांद. हितं काय हाय तुझं?" असं म्हणाले होते. तिथं ती दोघांचा स्वयंपाक करी आणि गोठ्याशेजारच्या खोलीत राही.

तर त्या तिघी आल्या. असं माहेरपण आमच्या घरानं आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. पहाटेपासून विहिरीवरचं डिझेल इंजिन धडधडायला लागायचं, त्याच्या तालावर आई पाट्यावर पुरण वाटायची. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया, दुसऱ्या दिवशी गुळवणी, तिसऱ्या दिवशी शेंगोळी. आप्पा स्वतः ताटापाशी उभे राहून "वाढ, तिला तूप वाढ" असं ओरडत होते. एरवी दिवाळीला या बहिणींना खण मिळायचा, तोही आईनं आठवण केली तर. या वेळी आप्पांनी शिरूरच्या बाजारातून तीन काठाच्या साड्या आणल्या, स्वतः रंग निवडून. चौथी आणली नव्हती. आईची सही कुठं लागत नव्हती.

आईनं हे काम पूर्वीच उरकलेलं होतं. तिच्या वडिलांच्या माघारी तिनं दोन भावांना लिहून दिलं होतं, आणि त्या बदल्यात मिळालेली जांभळी साडी ती सणाला नेसायची. त्या साडीला आम्ही 'मामांची साडी' म्हणत असू. आईला मी विचारलं, "तुला वाईट नाही वाटलं?" ती पुरणाचा गोळा हातावर फिरवत म्हणाली, "वाईट वाटून घ्यायला आपलं काय व्हतं तितं?" आणि पोळी तव्यावर टाकली.

चौथ्या दिवशी भाड्याची जीप आली. तिघींनी नव्या साड्या नेसल्या होत्या. आईला घरी ठेवलं, कारण आल्यावर सगळ्यांना जेवण लागणार होतं. मला घेतलं, कारण आत्यांना कागदावरचं वाचता येत नव्हतं आणि मी सोबत असले की सगळं कसं कायदेशीर वाटेल, असं आप्पा म्हणाले. जीपमध्ये सोनाआत्या सगळ्यांना रेल्वेतल्या गोष्टी सांगत होती. ताराआत्या खिडकीशी बसून बाहेरचं रान बघत होती. मलठणच्या पुढं ती एकदाच बोलली. म्हणाली, "औंदा कांदा बरा दिसतोय." आप्पा लगेच म्हणाले, "कुठला बरा? शेतीत काय ऱ्हायलं न्हाई आता." ज्या शेतीत काही राहिलेलं नाही, ती मिळवण्यासाठी ते जीप करून निघाले होते.

कचेरीच्या आवारात लिंबाखाली दस्त लिहिणारे टेबलं टाकून बसलेले असत. आमचं काम मुलाणीचाचांकडे होतं. पांढरी दाढी, चष्म्याला दोरा, आणि असं अक्षर की माणसाला आपला हक्क सोडतानाही बरं वाटावं. त्यांनी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. त्यात बंधुप्रेम दोनदा आलं होतं. मग आम्ही आत गेलो. साहेबांच्या टेबलासमोर तिघींना ओळीनं उभं केलं. साहेब चांगला माणूस होता. प्रत्येकीला नाव विचारी, मग कागदाकडे बघतच विचारी, "राजीखुशीनं देताय ना? कुणाचा दाब नाही ना?" आणि उत्तर यायच्या आधीच शिक्का उचलत असे.

सोनाआत्या म्हणाली, "व्हय, राजीखुशीनं! आमाला काय कमी हाय?" आणि झोकात सही केली. बबूआत्या नुसतीच मान हलवून अंगठा उठवून आली, आणि शाई नव्या पदराला लागली म्हणून हळहळत बाजूला झाली. मग ताराआत्या.

"राजीखुशीनं देताय ना?"

"न्हाई."

साहेबांचा शिक्का हवेत होता, तो तिथंच राहिला. त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा समोरच्या बाईकडे वर मान करून पाहिलं. "काय म्हणालात?"

"न्हाई म्हनलं."

शेजारचा कारकून समजुतीनं पुढं झुकला. "बाई, इथं हो म्हणायचं असतं."

"मग इच्यारता कशाला?" ताराआत्या म्हणाली.

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. कारकुनानं साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी घड्याळाकडे. आप्पा मागून ओरडले, "तारे, याड लागलं का तुला?" साहेबांनी हात वर करून त्यांना गप्प केलं आणि कायद्याचं सगळं बळ एकवटून निकाल दिला: "दमदाटी करायची नाही. बाहेर नेऊन समजूत घाला आणि अर्ध्या तासात आणा. नंतर जेवणाची सुट्टी आहे."

तो अर्धा तास मला पाठ आहे. लिंबाखाली ताराआत्याला मध्ये बसवलं आणि सगळे भोवती उभे राहिले. आप्पांनी आबांच्या आत्म्याचा विषय काढला. सोनाआत्या म्हणाली, "माहेर तुटंल गं कायमचं." ताराआत्या म्हणाली, "चार दिसांचं माहेर, आक्का. तुटलं तर तुटलं." बबूआत्यानं तर कमालच केली. ती रडायलाच लागली, आणि का रडतेस विचारलं तर म्हणाली, "मला बी न्हाई म्हनता येत व्हतं का?" त्यावर सोनाआत्यानं तिला असं दटावलं की तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. जीपवाला, चहावाला, दुसऱ्याच कुणाच्या दस्ताला आलेले चार साक्षीदार, सगळ्यांनी आपापलं मत दिलं. सगळ्यांचं मत एकच होतं.

मी पाणी नेऊन दिलं. आत्यानं घोटभर पाणी घेऊन तांब्या परत माझ्या हातात दिला. ती मला हळूच म्हणाली, "मंदे, मी घरून सही द्यायचीच म्हनून निगाले व्हते. त्यानं इच्यारलं, तवा तोंडातनं खरं आलं. आजवर कुनी काय इच्यारलंच नव्हतं बघ." मग तिनं मुलाणीचाचांना विचारलं, "चाचा, न्हाई म्हनल्यावर मला आता काय करावं लागंल? कोर्टात जावं लागंल का?" चाचांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा त्यांचं जुनं गिऱ्हाईक. मग चष्मा काढून पुसत ते म्हणाले, "काही करायचं नाही, बेटा. घरी जायचं. नाव आपोआप लागतं. ते काढायलाच सगळा खटाटोप असतो."

आप्पांनी त्यानंतर चाचांकडे कधी काम दिलं नाही.

परत निघताना जीपमध्ये जागा होती, पण ताराआत्यासाठी नव्हती. "ज्याला न्हाई म्हनता येतं त्याला एसटी बी धरता येती," आप्पा म्हणाले. ती स्टँडच्या दिशेनं चालत गेली. सोनाआत्याचं म्हणणं पडलं की साडी तरी परत मागावी. आप्पा म्हणाले, "अंगावरची साडी कशी मागू? लोक काय म्हनतील!" जमीन मागताना लोक काय म्हणतील याची भीती नव्हती, पण साडीचं वेगळं असतं. मला उतरून आत्याबरोबर स्टँडपर्यंत जावंसं वाटलं. मी गेले नाही. दोन माणसांच्या मध्ये बसून राहिले.

हे लिहिताना माझा गुडघा दुखतो आहे आणि समोर माझी नात मोबाइलवर कुणाला तरी महिलांचे हक्क समजावून सांगते आहे, स्पर्धा आहे म्हणे कॉलेजात. तिला मी एक गोष्ट सांगितलेली नाही. तीस वर्षं शिरूरला शाळेत शिकवून, दर आठ मार्चला मुलींपुढं भाषणं देऊन, आप्पांच्या माघारी माझा भाऊ दिलीप कागद घेऊन आला तेव्हा मी सही केली. मलाही साहेबांनी विचारलं. मी म्हणाले, "हो, राजीखुशीनं." दिलीप पाठचा भाऊ, वर्षातून दोनदा तरी माहेरी जायचं, वाईटपणा कशाला. माझं शिक्षण आत्यापेक्षा दहा इयत्ता जास्त होतं, तेव्हा मला जास्त सबबी येत होत्या. आणि प्रगती झालेली नाही असं कुणी म्हणू नये. पूर्वी शाईचा अंगठा घेत, आता यंत्रावर घेतात आणि फोटोही काढतात. मी फोटोत हसते आहे.

त्या दिवशी शिरूरहून घरी आल्यावर आप्पांनी जाहीर केलं, की तारी आपल्याला मेली. गावात बातमी झाली, बहिणीनं भावाला कोर्टात खेचलं. कोर्टाची पायरीही ती चढली नव्हती, ती फक्त घरी गेली होती. तलाठ्यानं नोंद केली आणि आमच्या सातबारावर आप्पांच्या खाली 'तारा' असं नाव आलं. आप्पा उतारा घडी घालून ठेवायचे, ती ओळ आत जाईल अशी.

चमत्कार केडगावला झाला. ताराआत्याच्या नवऱ्याला सातबाराचं कळलं आणि त्याला बारा वर्षांनी बायको दिसायला लागली. गोठ्याशेजारच्या खोलीत तो चहा पाठवू लागला, एकदा तर शेजारी येऊन बसला. जमीन विकून हायवेला गाळा घेऊ, तुझ्याच नावाचा बोर्ड लावू, म्हणाला. ताराआत्या त्याला म्हणाली, "बोर्डावर नाव नगं. उताऱ्यावर हाय तेवढं पुरं." हे मला तिनंच नंतर सांगितलं, आणि सांगताना पदर तोंडावर धरून हसली.

दोन वर्षं अशी गेली. मग गावात रानोरान विजेच्या मोटारी बसू लागल्या आणि आमचं इंजिन मात्र खोकत राहिलं. आप्पांनी जोडणीसाठी अर्ज केला. वीज कचेरीनं सांगितलं, उताऱ्यावर नावं आहेत तेवढ्या सगळ्यांची संमती लागेल. मेलेल्या बहिणीची सही आणायची कशी, हा प्रश्न पडला. चार दिवस आप्पा इंजिनाशीच खटपट करत राहिले. पाचव्या दिवशी म्हणाले, "मंदे, चपला घाल."

चौफुल्याच्या एसटीनं आम्ही केडगावला गेलो. आत्यानं आम्हाला तिच्या खोलीत बाजेवर बसवलं, चहा केला. आप्पा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मंदे, तिला सांग, मोटारीसाठी सही पायजे."

खोली दहा फुटांची होती. मी सांगायच्या आत आत्या म्हणाली, "देते की, दादा. इहिरीखालचा तुकडा मला मोजून द्या. बांध घालून."

"तिला सांग, तितं कांदा हाय."

"निघाल्यावर द्या."

आप्पांना राहवेना. ते भिंत सोडून तिच्याकडे वळले. "आबा असते तर तुझी हिंमत झाली असती का?"

"आबा असते तर नावच लागलं नसतं, दादा," ती म्हणाली. "चहा घ्या, गार व्हतोय."

आप्पा चहा न घेता उठले आणि रस्त्यावर जाऊन उभे राहिले. मी दारातून पाहत होते. दोन गाड्या आल्या आणि गेल्या, ते चढले नाहीत. तासाभरानं परत आले, बाजेवर बसले आणि गार झालेला चहा एका घोटात संपवून म्हणाले, "कांदा निघाल्यावर." आत्यानं मान हलवली. कागदावर सही केली नाही. "मंग सही बी तवाच," म्हणाली.

कांदा निघाला. मोजणी झाली, दगड रोवले, सही झाली, मोटार बसली. ताराआत्या एक ट्रंक घेऊन आली. तिची सवत केडगावच्या स्टँडपर्यंत ट्रंकेची एक कडी धरून आली होती आणि रडत होती म्हणे. आता स्वयंपाक तिला करावा लागणार म्हणून रडत असेल, असं आप्पा म्हणाले. मला तसं वाटलं नाही. आत्यानं विहिरीखाली पत्र्याची एक खोली घातली. गावानं जे बोलायचं ते बोलून घेतलं. तिच्या रानात औत घालायला पहिली दोन वर्षं कुणी गडी येईना, तेव्हा ती आणि बाजूच्या वस्तीवरच्या दोन बाया कुदळीनं रान खणायच्या. पाण्याची पाळी आप्पा तिला सगळ्यांत शेवटी द्यायचे, कधी विसरायचे. ती येऊन ओसरीसमोर उभी राहायची, ते उठेपर्यंत. कायद्यानं तिला जमीन दिली. बाकीचं सगळं तिला असं उभं राहून मिळवावं लागलं, आणि काही गोष्टी मिळाल्याच नाहीत. सोनाआत्या मरेपर्यंत तिच्याशी बोलली नाही, आणि ज्या दोघींनी राजीखुशीनं दिलं होतं त्यांना दिवाळीला पुन्हा खण मिळू लागला, आईनं आठवण केली तर.

मला सांगायची आहे ती गोष्ट मात्र आईची. पहिल्या वर्षी एका सकाळी ती धुणं घेऊन विहिरीवर गेली होती, मी सोबत होते. ताराआत्या सऱ्या पाडत होती. आई बांधाशी जाऊन बराच वेळ उभी राहिली. बांध ओलांडला नाही. मग म्हणाली, "वन्सं, एक सरी मला देता का लावायला?"

आत्यानं कुदळ खाली ठेवली. "दोन घ्या, वैनी. काय लावताय?"

आईनं हा विचारच केलेला नव्हता, हे तिच्या तोंडावर दिसलं. वीस वर्षं ती आप्पांच्या रानात राबली होती आणि काय लावायचं हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. शेवटी म्हणाली, "मिरच्या."

त्या मिरच्या आईनं लावल्या, खुरपल्या, राख टाकली, घरचं सगळं आवरून भर उन्हात जाऊन पाणी दिलं. पहिला तोडा आला त्या दिवशी तिनं तव्यावर ठेचा केला आणि आप्पांच्या ताटात भाकरीशेजारी वाढला. आप्पांनी खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं. "कुनाच्या मिरच्या?" त्यांनी विचारलं.

आमच्या घरात 'ह्यांचं रान', 'ह्यांचा बैल', 'दिलीपचं दूध' असं सगळं होतं. आईनं हातावरचं पीठ झटकलं आणि म्हणाली, "माझ्या."

आप्पा घास तोंडात धरून तिच्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता ताट भिरकावतात. पण त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, खाली ठेवला आणि म्हणाले, "लई तिखट हायत."

"व्हय," आई म्हणाली, आणि आणखी वाढला.